खाऱ्या वाऱ्यातला लहान संगणक आणि त्याच्या उष्णतेची वाट

आपण देवगडहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आंब्याच्या पॅकिंग शेडला लागून असलेल्या खोलीत, काउंटरच्या बंद लाकडी खणात, जाड पुस्तकाएवढा एक लहान डेस्कटॉप ठेवलेला आहे. हंगामात त्यावर बिले, ई-वे बिले आणि बागायतीचे हिशेब चालतात. एप्रिल उजाडला की दुपारी त्याचा पंखा शिट्टीसारखा वाजू लागतो आणि काम रेंगाळते. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर यंत्र पहिल्यांदा सुरू केले तेव्हा पंखा जाम झालेला निघाला व तो बदलावा लागला. आता भाच्याचे म्हणणे असे की झाकण काढून समोर टेबलफॅन लावावा, दुकानदाराचे म्हणणे असे की बिनपंख्याचे यंत्र घ्यावे, आणि आपल्याला स्वतःला शंका आहे ती ही की कोकणातल्या दमट हवेत एवढेसे यंत्र थंड राहूच शकत नसावे.

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ती माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात असते. दमट हवेत आपल्याला उकडते, कारण आपले शरीर घाम सुकवून थंड होते आणि बाष्पाने भरलेली हवा घाम सुकू देत नाही. संगणकाला घाम येत नाही. त्याच्या पंख्यातून जाणारी हवा कोरडी असो की दमट, एक लिटर हवा जवळजवळ सारखीच उष्णता वाहून नेते. दमट हवा किंचित हलकी असते, पण तिच्यातले बाष्प उष्णता थोडी जास्त धरते, त्यामुळे हिशेब जिथल्या तिथे राहतो. संगणकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हवेचे तापमान. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि आपल्या किनाऱ्यावर तो बहुतेक दिवस ३३-३४ अंशांच्या आसपास राहतो. म्हणजे केवळ थंड राहण्याचाच प्रश्न असता तर विदर्भातल्या संगणकांनी उन्हाळ्यात देवगडला हवापालटासाठी यायला हवे होते. आपल्याकडचे दुखणे वेगळे आहे. दमटपणामुळे यंत्र तापत नाही. दमटपणा आणि मीठ मिळून उष्णता बाहेर जाण्याची वाट बुजवतात आणि कुरतडतात. हा फरक लक्षात घेतला की उपाय पुष्कळ सोपे होतात.

ही वाट म्हणजे काय ते पाहू. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळीच शेवटी उष्णता बनते. पंखा थंडावा तयार करत नाही. प्रोसेसरच्या, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपच्या, नखाएवढ्या तुकड्यात जन्मलेली उष्णता खोलीतल्या हवेपर्यंत पोहोचवणे, एवढेच त्या सगळ्या तांब्या-अॅल्युमिनिअमच्या संसाराचे काम आहे. आपल्याकडच्या, म्हणजे साधारण एक लिटर आकारमानाच्या यंत्रांत बहुधा ३५ वॅटचा प्रोसेसर असतो. ३५ वॅट हा आकडा किरकोळ वाटेल, पण माझ्या टेबलावरचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे आहे आणि त्याचे टोक शिसे वितळवते. तेवढी किंवा त्याहून जास्त उष्णता एका पुस्तकाएवढ्या डब्यात सतत निर्माण होत असेल, तर ती तितक्याच सातत्याने बाहेर गेली पाहिजे.

वाटेचा पहिला टप्पा प्रोसेसर आणि त्याच्यावर बसणारा हीटसिंकचा, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा, तळ यांच्यामधला. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात व त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० असेल तर त्याच मापाने हवेची ०.०२६ भरते. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावतात. तिची वाहकता तांब्याच्या मानाने नगण्यच असते, पण हवेपेक्षा ती शेकडो पटींनी बरी. पेस्टचे काम फक्त खळगे भरण्याचे आहे, म्हणून तिचा थर जितका पातळ तितका चांगला. श्रीखंडासारखी थापणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्याने वाट रुंद होत नाही, लांबते.

पुढचा टप्पा हीट पाइपचा, आणि लहान संगणक शक्य झाला त्यात या नळीचा मोठा वाटा आहे. बाहेरून ती तांब्याची साधी चपटी नळी दिसते, परंतु आतून हवा काढून तिच्यात अगदी थोडे पाणी बंद केलेले असते. दाब कमी असल्यामुळे हे पाणी शंभर अंशांची वाट न पाहता बऱ्याच कमी तापमानाला उकळते. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाला धावते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या भाजलेल्या तांब्याच्या भुकटीच्या अस्तरातून, वातीत तेल चढावे तसे, परत मूळ जागी येते. मोदकपात्रात वाफ झाकणाला लागून थेंब बनते आणि खाली पडते, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे पात्र बंद आहे, पाणी आयुष्यभर तेच आहे आणि ते वजनाने खाली येण्याऐवजी अस्तरातून ओढले जाते. त्यामुळे यंत्र आडवे ठेवा की उभे, सहसा फारसे बिघडत नाही. अमेरिकेतील लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी प्रत्यक्ष करून दाखवली. तिचे विचार तेव्हा अंतराळयानांसाठी चालले होते. आज तीच नळी आपल्या आंब्यांची बिले काढते.

शेवटचा टप्पा पातळ पट्ट्यांचा, म्हणजे फिनचा, आणि त्यांच्यावर हवा मारणाऱ्या पंख्याचा. लहान यंत्रात छताच्या पंख्यासारखी सरळ हवा फेकणारी पाती सहसा नसतात; असतो तो ब्लोअर, जो पोटातून हवा ओढतो आणि कडेने जोरात बाहेर टाकतो. भात पाखडायच्या यंत्राचा पंखा आठवावा. दाट पट्ट्यांमधून हवा रेटायला असाच पंखा लागतो. ३५ वॅट उष्णता नेताना हवेचे तापमान दहा अंशांनी वाढू द्यायचे असेल तर सेकंदाला सुमारे तीन लिटर हवा लागते, म्हणजे दहा लिटरची बादली सव्वातीन सेकंदांत रिकामी व्हावी इतकी. तळहाताएवढ्या पंख्याकडून हे काम करून घ्यायचे म्हणजे त्याला वेगाने फिरवणे आले. पंख्याच्या गणितातली खोच अशी की वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण त्यासाठी शक्ती आठपट लागते, आणि आवाज तर विचारूच नये. म्हणून पंखा ओरडू लागला की तो वाटेवर कुठे तरी अडथळा असल्याचे सांगत असतो.

आता थोडे लहान यंत्राच्या स्वभावाविषयी. कोअर आय५-१२५००टी हा अशा यंत्रांत सर्रास आढळणारा प्रोसेसर ३५ वॅटचा म्हणून ओळखला जातो, पण उत्पादकाच्याच तक्त्यात त्याची कमाल मर्यादा ७४ वॅट दिलेली आहे. ही मर्यादा थोड्या वेळेपुरती आहे. आपण मोठी फाइल उघडता तेव्हा तो काही सेकंद दुप्पट वीज खातो आणि ती जास्तीची उष्णता पंख्याने नेण्याआधी हीटसिंकच्या तांब्यात साठते. शंभर ग्रॅम तांबे एक अंशाने तापायला सुमारे ३८ ज्यूल लागतात. म्हणजे जास्तीचे ३९ वॅट सेकंदाला एकेक अंशाने तापमान चढवतात. सुरुवातीला तांबे थंड असेल तर अशा वीस-पंचवीस सेकंदांच्या धावेला जागा मिळते आणि काम झटकन उरकते. तांबे आधीच तापलेले असेल तर धाव सुरू होण्याआधीच तापमान शंभर अंशांच्या कमाल मर्यादेला टेकते आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. आपल्याला दुपारी जाणवतो तो हाच रेंगाळलेपणा असावा. यंत्र बिघडलेले नाही, ते स्वतःला वाचवत आहे.

आणि तांबे आधीच का तापलेले असते, याचे उत्तर आपल्या खणात आहे.

आपण खणाची मापे दिली आहेत: ४५ बाय ४० बाय १५ सेंटिमीटर. त्याच्या सर्व बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ०.६ चौरस मीटर भरते. अठरा मिलिमीटर जाडीची लाकडी फळी आणि तिच्या आतबाहेर चिकटून राहणारी स्थिर हवा धरून हिशेब केला, तर आत सरासरी २५ वॅट उष्णता सुटत असताना खणातली हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे सोळा अंशांनी जास्त तापते. खोलीत ३३ अंश असतील तर खणात ४९. म्हणजे आपण देवगडला राहून यंत्राला नागपूरपेक्षाही कडक उन्हाळा दाखवत आहात. बाहेरची हवा जेवढे अंश वाढते, जवळजवळ तेवढेच अंश प्रोसेसरचे तापमान वाढते. एरवी ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर तिथे नव्वदीत असतो, आणि पंखा आपलीच ओकलेली गरम हवा पुन्हा पुन्हा गिळत राहतो. सकाळी खण थंड असल्यामुळे काही वाटत नाही. लाकूड हळूहळू तापते आणि दुपारी जेवून आपण परत येता तेव्हा तक्रार सुरू झालेली असते.

तरीही सगळा दोष खणावर टाकण्यापूर्वी तळहाताची एक परीक्षा करावी. यंत्र खणाबाहेर, मोकळ्या टेबलावर ठेवून त्याला पंधरा-वीस मिनिटे कामाला लावावे आणि हवा बाहेर पडते त्या जाळीपाशी हात धरावा. झोत जोरात आणि चांगला गरम असेल तर आतली वाट मोकळी आहे. चूक ठेवण्याच्या जागेची होती. पंखा ओरडतो आहे पण हाताला हवा जेमतेम लागते, असे असेल तर फिन बुजलेल्या आहेत. आणि तिसरी शक्यता, जी लोक हमखास चुकवतात: झोत जोरात आहे पण तो कोमट आहे, आणि पडद्यावर मात्र प्रोसेसरचे तापमान नव्वदच्या वर दिसते. याचा अर्थ उष्णता फिनपर्यंत पोहोचतच नाही. पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. तापमान पाहण्यासाठी विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो आणि लिनक्सवर एलएम-सेन्सर्स पुरेसे आहे. मात्र नुसता आकडा पाहू नये, खोलीच्या तापमानापेक्षा तो किती वर आहे ते पाहावे. यंत्र नवीन किंवा नुकतेच साफ केलेले असताना हा फरक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी त्याच कामाला तो फरक दहा-बारा अंशांनी वाढलेला दिसला, की उघडायची वेळ झाली.

फिन बुजणे म्हणजे काय ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. बंदरालगतच्या एका कार्यालयातला लहान संगणक माझ्याकडे आला होता. झाकण उघडले तेव्हा वरून सगळे स्वच्छ दिसत होते. ब्लोअरचे चार स्क्रू काढले; त्यांतल्या दोघांची डोकी गंजून गोल झाली होती. ब्लोअर उचलला आणि फिनच्या तोंडाशी राखाडी रंगाची एक पट्टी उभी होती, नमद्यासारखी, इतकी घट्ट की चिमट्याने धरल्यावर ती अखंड निघून आली. बोटाला ती ओलसर लागली. तिच्या मागे अॅल्युमिनिअमच्या पट्ट्यांवर पिठूळ पांढरी बुरशी चढल्यासारखे दिसत होते. ती बुरशी नव्हे, धातू खाऊन तयार झालेला क्षार होता, आणि जिथे पट्ट्या तांब्याच्या नळीला जोडलेल्या होत्या तिथे तो सर्वांत दाट होता.

हे सगळे मिठाचे काम. लाटा फुटतात तेव्हा उडणारे सूक्ष्म तुषार दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर आत येतात. किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरांत त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते आणि पुढे ते झपाट्याने कमी होते. मिठाचा गुणधर्म असा की हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाणी ओढून द्रवरूप होते. आपल्या स्वयंपाकघरातले मीठ जूनमध्ये बरणीत पाझरू लागते, तसेच फिनवरचे मीठही पाझरते. त्या खारट ओलाव्यावर जांभ्याची तांबडी धूळ आणि कपड्यांचे तंतू चिकटून नमदा तयार होतो, आणि तांबे व अॅल्युमिनिअम हे दोन वेगळे धातू त्याच ओलाव्यात एकत्र असल्यामुळे अॅल्युमिनिअम झिजते. घाटावरच्या यंत्रात धूळ कोरडी असते, फुंकरीने उडते. आपली उडत नाही. म्हणून हातातल्या ब्लोअरने हवा मारून साफ करण्याचा पुणे-सोलापूरचा उपाय येथे अर्धाच लागू पडतो.

गेल्या वर्षी पंखा का जाम झाला असावा, हेही यातूनच उलगडते. हंगाम मे अखेर संपतो आणि आपले यंत्र तेव्हापासून जवळजवळ दिवाळीपर्यंत बंद खणात पडून राहते. पावसाळ्यात आपल्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या घरात असतो, म्हणजे त्याहून थंड झालेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरते आणि एरवीही मीठ सतत ओले राहते. चालू असलेले यंत्र खोलीपेक्षा नेहमी काही अंश गरम असते, त्यामुळे त्याच्या आतली हवा तुलनेने कोरडी राहते. बंद यंत्राला ते संरक्षण नाही. पुष्कळांना हे उलटे वाटते, पण किनाऱ्यावर मी पाहिलेल्या गंजलेल्या यंत्रांत वापरून झिजलेल्यांपेक्षा ठेवून सडलेलीच जास्त आहेत. पावसाळ्यात यंत्र घरी आणून रोज तास-दोन तास वापरता आले तर उत्तम. ते शक्य नसेल तर आगोटीच्या वेळी आपण मिरच्या, कोकम आणि सुकी मासळी जशी घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो, तसाच हाही भरावा: आधी साफ करून, तासभर चालवून कोरडा करून, हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुरेशा पुड्यांसह. चालत्या यंत्रात सिलिका जेल टाकण्याचा काही उपयोग नाही, कारण पंखा त्याला सेकंदाला तीन लिटर नवी हवा पाजत असतो. बंद डब्यात मात्र ते खरोखर काम करते.

भाच्याच्या उपायाबद्दल. झाकण काढल्याने मोठ्या टॉवर संगणकाला कधी कधी फायदा होतो, पण लहान यंत्रात झाकण हीच हवेच्या बोगद्याची एक भिंत असते. ते काढले की ब्लोअर जवळची सोपी हवा ओढतो आणि एसएसडी (फाइली साठवणारा भाग), रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) व वीजपुरवठ्याच्या भागांवरून जाणारा प्रवाह मंदावतो किंवा थांबतो. प्रोसेसर दोन अंशांनी थंड दिसेल आणि एसएसडी तापेल. तीही साधारण ७०-८० अंशांच्या पुढे आपला वेग कमी करते. शिवाय उघडे यंत्र म्हणजे पालींना आणि मुंग्यांना आमंत्रण. मुंग्यांनी अंडी घातलेला एक बोर्ड मी जपून ठेवला आहे, अविश्वासू गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी. टेबलफॅन लावायचाच तर तो हवा आत जाते त्या बाजूने लावावा. मागून लावला तर तो बाहेर येणाऱ्या झोतालाच आडवा जातो. पण समुद्राकडच्या खिडकीशेजारी टेबलफॅन म्हणजे मिठाचा जादा पुरवठा, एवढे लक्षात असावे.

यंत्र खणाबाहेर काढणे हा पहिला आणि बहुधा पुरेसा उपाय आहे. मॉनिटरच्या पाठीवर ते बसवता येते, मात्र गरम हवा मॉनिटरच्या जाळीत न जाता वर किंवा बाजूला जाईल अशी दिशा पाहावी. काही यंत्रे तळातून हवा घेतात. त्यांच्या पायांखाली क्रोशाचा रुमाल किंवा प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ घातला की त्यांचा गळा दाबला जातो. काम चालू असताना रेक्झिनचे कव्हर अर्धे वर करून ठेवणारे लोकही असतात. त्यांच्याबद्दल काय बोलावे. चोरीच्या भीतीने खणातच ठेवणे भाग असेल, तर समोर खाली आणि मागे वर असे प्रत्येकी तळहाताएवढे भोक पाडून मागच्या भोकावर १२० मिलिमीटरचा मोठा, सावकाश फिरणारा पंखा बाहेर हवा टाकेल असा बसवावा. धूळ अडवण्यासाठी जाळी लावायची असेल तर ती खणाच्या दारावर मोठ्या आकाराची लावावी. यंत्राच्याच चिमुकल्या तोंडावर जाळी लावली तर ती महिनाभरात तुंबते आणि आपण पुन्हा मूळ पदावर येतो.

वातानुकूलनाची गरज नाही. खोलीत एसी असेलच तर तो २६-२७ अंशांवर ठेवावा आणि थंड झोत थेट यंत्रावर पडू देऊ नये. वीस अंशांवर गार झालेल्या खोलीचे दार जुलैत उघडे राहिले, की बंद यंत्रावर आतबाहेर दव धरते.

साफसफाईत एक फसगत अशी की पंजाएवढ्या चौकोनी यंत्रांत खालचे झाकण उघडल्यावर रॅम आणि एसएसडी दिसते, पंखा दिसत नाही, कारण तो बोर्डाच्या दुसऱ्या अंगाला असतो. लोक रॅमवरून ब्रश फिरवतात आणि साफ झाले असे समजतात. पंख्यापर्यंत जायला बोर्ड बाहेर काढावा लागतो. आपल्या एक लिटरच्या यंत्रात हे सोपे आहे: अॅडॉप्टर काढावा, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, झाकण सरकवावे, ब्लोअर सुटा करावा. हवा मारताना पात्याला बोट लावून ठेवावे, नाही तर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. हीटसिंक काढलाच तर पेस्ट बदलणे अनिवार्य आहे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि धातूचे झाकण असलेल्या प्रोसेसरवर मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी नवी लावावी, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळावेत. फिनवरचे मीठ मात्र अल्कोहोलने जात नाही, कारण मीठ त्यात विरघळत नाही. त्याला पाणीच लागते. सुटा केलेला हीटसिंक, पंखा आणि बोर्ड यांपासून पूर्ण वेगळा असेल तरच, साध्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावा. बोर्डाला पाणी लावू नये आणि गंजरोधक तेलाचा फवारा तर कशालाच मारू नये. त्या तेलावर नमदा दुप्पट वेगाने बसतो.

येथे माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका यंत्रात हीटसिंकखाली जवळच्या चिपांवर बसणारे मऊ थर्मल पॅड फाटले होते. माझ्याकडे होते त्यातले जाड पॅड मी कापून लावले, पेस्ट व्यवस्थित लावली, स्क्रू आवळले, आणि यंत्र दोन मिनिटांत शंभर अंशांना भिडले. अर्धा दिवस पेस्टवर संशय घेण्यात गेला. शेवटी हीटसिंक उचलला तर प्रोसेसरवरची पेस्ट जशीच्या तशी उभी होती. दीड मिलिमीटरच्या पॅडने हीटसिंक एका बाजूने उचलून धरला होता आणि तिथे अर्ध्या मिलिमीटरचेच पॅड हवे होते. तेव्हापासून जुन्या पॅडची जाडी मोजल्याशिवाय मी ते फेकत नाही.

आता बिनपंख्याचे यंत्र. दुकानदाराचा सल्ला किनाऱ्यासाठी चुकीचा नाही. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या एन१०० या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ६ वॅट आहे, आणि उत्पादकांनी ती काहीशी वाढवून ठेवली तरी तेवढी उष्णता अॅल्युमिनिअमच्या जाड खोक्याला पेलते. पंखा नाही म्हणजे खारी हवा ओढून घेणारे तोंडच नाही. बिले, ब्राउझर, हिशेबाचे पत्रक यांना हा प्रोसेसर पुरतो. फोटो-व्हिडिओचे जड काम असेल तर पुरणार नाही. अशा यंत्राचे खोके हाताला चटका देण्याइतके गरम लागले तरी घाबरू नये, कारण ते खोके म्हणजेच हीटसिंक आहे. त्याचा काळा, अॅनोडाइझ केलेला रंगही शोभेसाठी नाही. तसा पृष्ठभाग चकचकीत अॅल्युमिनिअमपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता किरणांवाटे बाहेर टाकतो, म्हणून त्यावर स्टिकर चिकटवू नयेत आणि रंग देऊ नये. मात्र ते बंद खणात ठेवणार असाल तर घेऊ नका. पंख्याचे यंत्र खणात निदान ओरडून सांगते. हे मुकाट्याने भाजत राहील.

आपले सध्याचे यंत्र टाकून देण्याचे कारण मला दिसत नाही. त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरची वीजमर्यादा कमी करण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के करावी. एवढ्याने दुप्पट वीज खाणाऱ्या त्या धावा बंद होतात, बिलांच्या कामात फरक जवळजवळ कळत नाही आणि पंखा शांत होतो. अॅडॉप्टरही खणातून बाहेर काढावा. लहान यंत्रात वीजपुरवठा मुद्दाम खोक्याबाहेर ठेवलेला असतो तो त्याची उष्णता आत नको म्हणून. तोच खणात यंत्राच्या डोक्यावर ठेवला की त्या सगळ्या युक्तीवर पाणी पडते.

क्रम असा ठेवावा: आज यंत्र आणि अॅडॉप्टर खणाबाहेर, समुद्राकडच्या खिडकीपासून आणि देवघरातल्या धुपापासून दूर. उद्या दुपारी दोन वाजता, उकाडा ऐन भरात असताना, तळहाताची परीक्षा. झोत जोरात आणि गरम असेल तर हंगाम संपेपर्यंत ते उघडू नका. पेट्या भरण्याच्या दिवसांत स्क्रूड्रायव्हर हाती घेणे परवडत नाही. झोत क्षीण असेल तर एखाद्या रविवारी ब्लोअर सुटा करून फिन पाहाव्यात. पंखा पुन्हा बदलावा लागलाच तर जुन्या पंख्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून दुकानदाराला पाठवावा आणि तो ५ व्होल्टचा आहे की १२ व्होल्टचा, हे स्वतः वाचून खात्री करावी. दोन्ही प्रकार दिसायला सारखेच असतात आणि चुकीचा पंखा एक तर फिरत नाही, नाही तर जळतो.